मधल्या रात्रीची सोय

बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले. त्यामागे हौस कमी आणि तब्येतीचे कारण मोठे होते. महाराजांना झोप लागत नसे. राज्यकारभाराचा ताण आणि त्यात निद्रानाश, म्हणून डॉक्टरांनी हवापालट सुचवला. महाराणी चिमणाबाईंना बरोबर घेऊन महाराज बोटीने निघाले. पुढे आयुष्यभर त्यांच्या युरोपच्या फेऱ्या होतच राहिल्या. झोप मिळावी म्हणून युरोपला जाणारा राजा आणि आज युरोपला जाता-येता झोप घालवणारी त्याच्याच गावातली आम्ही माणसे! गंमत वाटते खरी.

गायकवाडांच्या मागोमाग गुजरातेत आलेल्या मराठी घरांना आता बडोदे म्हणजेच गाव. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत आजही मराठी सहज कानावर पडते. २०१८ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरले होते. या घरांतली पुढची पिढी मात्र पांगली. कुणाचा मुलगा जर्मनीत, कुणाची लेक स्वीडनमध्ये. मग लेकीचे बाळंतपण, नातवाची मुंज किंवा नुसतीच ओढ म्हणून साठी ओलांडलेले आईवडील विमानात बसतात. सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांतही हेच चालले आहे.

दोन्हीकडची अडचणही एकच. बडोद्याला हरणीचा विमानतळ आहे, २०१६ साली त्याची नवी इमारतही झाली. पण इथून युरोपला थेट विमान नाही. एक तर शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या अहमदाबादला जायचे, नाही तर मुंबई गाठायची. बेळगावकर सांबऱ्याहून मुंबई किंवा बंगळूर गाठतात, नाही तर मोटारीने गोव्यात मोपाला जातात. पलीकडची लेकही पॅरिस-लंडनसारख्या मोठ्या शहरातच राहत असेल असे नाही. म्हणजे अलीकडे एक जोड आणि पलीकडे एक जोड. या जोडांच्या मध्ये कुठे तरी एक रात्र येतेच.

रात्री विमाने झोपतात

मुंबईच्या विमानतळावर रात्री दोन वाजता दिवसापेक्षा जास्त गर्दी असते. त्यामुळे आपल्याला वाटते, जगात सगळीकडे असेच असणार. युरोपात तसे नाही. तिथले बरेच विमानतळ वस्तीला लागून आहेत आणि लोकांच्या झोपेसाठी रात्रीच्या उड्डाणांवर बंधने आहेत. फ्रँकफर्टसारख्या अवाढव्य विमानतळावर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नेहमीची उड्डाणे बंद असतात. लहान गावातून संध्याकाळी निघालेला प्रवासी नऊ-दहाला तिथे पोचतो आणि भारतात येणारे त्याचे विमान दुसऱ्या दिवशी दुपारी असते. मधले पंधरा तास त्याचे त्याने काढायचे.

गेल्या वर्षी आमच्या वाट्याला नेमके हेच पंधरा तास आले. लेक स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असते. नातीचे सगळे करून तीन महिन्यांनी परत निघालो. तिथून फ्रँकफर्ट, मग मुंबई, मग बडोदे. फ्रँकफर्टपर्यंतचे तिकीट वेगळे काढले होते, त्यामुळे पैसे बरेच वाचले. पण तिकिटे दोन असली की सामान आपोआप पुढे जात नाही. फ्रँकफर्टला पट्ट्यावरून बॅगा उतरवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी नव्याने द्यायच्या होत्या. लेक म्हणाली, "आई, हॉटेल घ्या." भाडे ऐकून हे म्हणाले, "एवढ्यात आपण दोघे बडोद्याहून मुंबईला विमानाने जाऊन येऊ!" झाले, विमानतळावरच झोपायचे ठरले.

आपल्याकडे तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय विमानतळाच्या दारातून आत सोडत नाहीत. फ्रँकफर्टचा बाहेरचा भाग मात्र आपल्या रेल्वे स्टेशनसारखा आहे. कुणीही यावे, बसावे. पहिल्या टर्मिनलला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्टेशन आहे, त्यामुळे माणसांची ये-जा रात्रीही पूर्ण थांबत नाही. साडेअकरापर्यंत दुकाने मिटली. घोषणा थांबल्या. फरशी पुसणारे यंत्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचे आणि परत यायचे, तेवढाच काय तो आवाज.

बाके होती, पण बहुतेकांना मध्ये हाताचे दांडे. आडवे होण्याची सोय नाही. शेवटी भिंतीलगतचा एक कोपरा धरला. दोन्ही मोठ्या बॅगा आडव्या टाकल्या, त्यांच्या साखळीत माझ्या पर्सचा पट्टा अडकवला, खाली लेकीने दिलेली जुनी चादर अंथरली आणि अंगावर शाल. यांनी चपला कागदात गुंडाळून उशाशी घेतल्या. एस.टी. स्टँडवर झोपण्याची जुनी सवय अशी कामाला आली.

शेजारच्या बाकावर एक गुजराती आजी बसल्या होत्या. पांढरी साडी, पायांत लोकरी मोजे, मांडीवर स्टीलचा डबा. माझ्याकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारलेच, "बेन, तमे क्यांना?"

मी म्हटले, "वडोदराना."

त्या खुदकन हसल्या. त्या आणंदच्या निघाल्या, म्हणजे आमच्या अगदी शेजारच्या. मग काय, थेपले इकडे आले, आमच्या भाकरवड्या तिकडे गेल्या. आजींना दोन तास नीट झोप लागली, कारण आम्ही जागे होतो. नंतर त्या जागल्या आणि आम्ही झोपलो. एकाने डोळा मिटायचा तर दुसऱ्याने उघडा ठेवायचा, हे आळंदी-पंढरपूरच्या वाटेवर जसे चालते तसेच फ्रँकफर्टलाही चालते.

त्याच दालनात थोड्या अंतरावर काही बेघर माणसेही झोपली होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपले सगळे चंबूगबाळे एका ढकलगाडीवर नीट रचून वर प्लॅस्टिक बांधले होते. पहाटे पोलीस फिरून गेले. आमच्याकडे तिकीट मागितले, पाहिले आणि मान हलवून पुढे गेले. त्या गृहस्थांशी दोन शब्द बोलून त्यांनाही राहू दिले. बाहेर कडाक्याची थंडी होती.

जाण्याआधी हे पाहा

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी थोडे उपयोगाचे सांगते. शक्य असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढावा. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले, तर पुढची व्यवस्था विमान कंपनीला करावी लागते. युरोपीय संघाचा २००५ पासून लागू असलेला नियम असा, की संघातल्या विमानतळावरून निघणारे विमान रद्द झाले किंवा फार लांबले, तर कंपनीने प्रवाशाला खाणेपिणे द्यायचे आणि रात्र काढावी लागली तर हॉटेलही द्यायचे. काउंटरवर जाऊन मागावे लागते, एवढेच. तिकिटे दोन वेगवेगळी असतील तर मात्र चुकलेल्या दुसऱ्या विमानाची जबाबदारी आपली. तेव्हा मध्ये भरपूर वेळ ठेवावा.

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली आहेत. मुंबईत विमान बदलणार असाल तर तिकिटावर बीओएम लिहिले आहे की एनएमआय, हे चष्मा लावून वाचावे. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघायचे असेल तर मध्ये मुंबईची वाहतूक आहे, हे विसरू नये.

गुडघे दुखत असतील तर चाकाची खुर्ची मागायला लाजू नये. युरोपात ही सेवा फुकट असते, फक्त निदान ४८ तास आधी कळवावे लागते. पण खुर्ची ढकलणारा माणूस रात्रभर सोबत थांबत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. औषधे हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मध्य युरोपचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते, तेव्हा रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी कधी घ्यायची हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

आता खाण्याचे. युरोपात २००६ च्या नोव्हेंबरपासून हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पातळ पदार्थ चालत नाही. लोणचे, तूप, ओली चटणी हे सगळे त्यांच्या लेखी पातळच. काही विमानतळांवर नवी यंत्रे आल्याने हा नियम सैल झाला आहे, पण सगळीकडे नाही. दुसरे म्हणजे युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणजे बडोद्याचे पेढे, श्रीखंड आणि आपला बेळगावचा कुंदाही इथेच राहिला! जावयांना कुंदा आवडतो म्हणून डबा भरणाऱ्या सासूबाईंनी आधीच मन घट्ट करावे. भाकरवडी, खाखरे, शेव, चिवडा यांना कुणी हरकत घेतली नाही. रिकामी बाटली जवळ ठेवावी, तपासणीनंतर नळावर भरता येते. आणि शाल व मोजे कितीही उकडत असले तरी हातातच ठेवावेत. रात्रीचा विमानतळ गार असतो.

कागद असला तर

या सगळ्याहून महत्त्वाचा असतो तो कागद. आम्ही फ्रँकफर्टला बाहेरच्या दालनात झोपू शकलो, कारण आमच्या पासपोर्टवर शेंगेन व्हिसा होता आणि त्याचे दिवस शिल्लक होते. या व्हिसात येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. रात्रीचे बारा वाजले की एक दिवस वाढला. लेकीने अर्ज करतानाच या मधल्या रात्रीचा हिशेब धरून दिवस मागितले होते, म्हणून आम्हाला घोर नव्हता. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तर तिथे शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद करायला सुरुवात झाली आहे. दिवस कुणी बोटांवर मोजायचे राहिलेले नाही.

कागद नसला तर काय होते? मेहरान करीमी नासेरी नावाचे एक इराणी गृहस्थ पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर १९८८ मध्ये अडकले. जवळ योग्य कागदपत्रे नव्हती. ते २००६ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, पहिल्या टर्मिनलमध्ये एका लाल बाकावर राहिले. पुढे बाहेर राहण्याची सोय झाली, तरी शेवटच्या दिवसांत ते परत तिथेच आले आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच विमानतळावर त्यांचा मृत्यू झाला.

एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख आकाशात पसरली आणि जवळजवळ आठवडाभर युरोपातली विमाने जमिनीवर राहिली. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली, कोटीच्या घरात प्रवासी अडकले. ज्यांच्याजवळ व्हिसा होता ते हॉटेलात गेले, रेल्वेने पुढे निघाले. ज्यांच्याजवळ नव्हता त्यांना शहर काचेतून दिसत होते, पण तिथे जाता येत नव्हते. विमानतळांच्या आतल्या भागात त्यांच्यासाठी खाटा टाकाव्या लागल्या. विमान बदलण्यापुरते थांबायलाही काही देश आपल्या पासपोर्टवर वेगळा व्हिसा मागतात आणि हे नियम बदलत राहतात. तिकीट काढण्यापूर्वी ज्या ज्या देशात उतरणार त्या प्रत्येकाचा नियम पाहावा तो यासाठी.

बडोद्याचे स्टेशन आणि कामाटीबाग

मुंबईला आमचे विमान रात्री एकच्या सुमारास उतरले. सामान घेऊन बाहेर यायला अडीच वाजले. एकदा दाराबाहेर पडल्यावर परत आत जाता येत नाही, म्हणून आतच खुर्च्या धरून बसलो. ही दुसरी रात्र. साडेचारला टॅक्सीने बोरिवली गाठली आणि गांधीनगरला जाणारी सकाळची वंदे भारत पकडली. दहाच्या पुढे बडोद्याच्या फलाटावर उतरलो तेव्हा पाय सुजले होते आणि डोळे आपोआप मिटत होते.

स्टेशनपासून जवळच सयाजीबाग आहे. जुनी माणसे तिला कामाटीबाग म्हणतात. रिक्षा तिच्यावरून जाते. इतकी वर्षे बडोद्यात राहून या बागेतल्या एका संध्याकाळचा विचार मी कधी प्रवाशाच्या नजरेने केला नव्हता. त्या सकाळी तो केला.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले. तिथून लंडनला. शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे बडोदे संस्थानात नोकरी करायची होती, म्हणून १९१७ मध्ये, महायुद्ध चालू असताना, ते परत निघाले. स्वतः फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातून एका बोटीने आले, सामान दुसऱ्या बोटीने निघाले. ती सामानाची बोट जर्मनांनी बुडवली. वर्षानुवर्षे जमवलेली पुस्तके आणि लेखन समुद्राच्या तळाशी गेले. प्रवासी कंपनीकडून सहाशे रुपये भरपाई मिळाली आणि त्या पैशांतून त्यांनी बडोद्याला येण्याचा खर्च भागवला. सामान हरवण्याची एवढी मोठी गोष्ट दुसरी मला माहीत नाही.

पण खरी कसोटी बडोद्यात होती. न्यूयॉर्क आणि लंडनला राहून आलेल्या या विद्वानाला बडोद्यात रात्र काढायला खोली मिळेना. जात आडवी आली. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेले. आंबेडकरांनी ओळखीच्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले. दोघांकडूनही नकार मिळाला. शेवटी मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट बघत ते कामाटीबागेत बसून राहिले. त्यांनी पुढे हे सगळे इंग्रजीत लिहून ठेवले. त्या आठवणींचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा', म्हणजे व्हिसाची वाट पाहताना. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात आणि २३ सप्टेंबरला तिथे दूरदूरहून माणसे येतात.

फ्रँकफर्टच्या फरशीवर आमची पाठ अवघडली, हे खरे. पण पोलिसाने तिकीट पाहिले आणि तो पुढे गेला. आडनाव विचारून कुणी उठवले नाही. आंबेडकरांजवळ १९१७ साली सगळे कागद होते. पदव्या होत्या, संस्थानची नोकरी होती, महाराजांचा आधार होता. त्यांच्याजवळ नव्हता तो फक्त शेजाऱ्यांनी द्यायचा होकार. अशा होकारासाठी आजही शहरांतून भाड्याची घरे शोधणाऱ्या किती तरी जणांना दारोदार फिरावे लागते. बडोद्यातही, बेळगावातही. आडनाव विचारले जाते, मग "बघून सांगतो" म्हटले जाते.

घरी पोचल्यावर हे आधी झोपले ते दुसऱ्या दिवशी सकाळी उठले. नंतर चहा घेताना म्हणाले, "आपल्या बाहेरच्या खोलीत रात्री दोन माणसे सहज मावतात, नाही?" तेव्हापासून तिथली गादी आम्ही माळ्यावर टाकत नाही. अहमदाबादच्या विमानासाठी आदल्या रात्री बडोद्यात उतरणारी, गाडी चुकलेली, ओळखीच्या ओळखीतली अशी सात-आठ माणसे आतापर्यंत तिच्यावर झोपून गेली. त्यांना आम्ही जेवलात का एवढेच विचारतो आणि पहाटे किती वाजता उठवायचे ते.